मागची विसर, ही धर

शिकवायला सुरुवात केली की पंधरा दिवसांच्या आत मी वर्गाचे दोन भाग करून टाकत असे. बाकं तिथेच राहायची, विभागणी माझ्या मनात व्हायची. एका बाजूला लॉजिक असलेली मुलं, दुसऱ्या बाजूला लॉजिक नसलेली. स्टाफरूममध्ये आम्ही हे शब्द सर्रास वापरतो. 'पोरगी कष्टाळू आहे हो, पण लॉजिक नाही तिला.' उंची किंवा डोळ्यांचा रंग जसा जन्माबरोबर मिळतो, तसंच लॉजिकही मिळतं किंवा मिळत नाही, असं मी धरून चालले होते. एकदा मुलगा दुसऱ्या भागात गेला की माझा आवाज त्याच्याशी बोलताना बदलायचा. मी सौम्य व्हायचे, सोपे प्रश्न विचारायचे, आणि उत्तराची वाट न बघता पुढच्या बाकाकडे वळायचे.

एका तालुक्याच्या गावी मी कनिष्ठ महाविद्यालयात कॉम्प्युटर सायन्स शिकवते. सायन्सच्या मुलांचा हा 'बायफोकल' विषय. बारावीच्या अभ्यासक्रमात सी++ आहे. मुलं बावरू नयेत म्हणून मी अकरावीतच त्याची ओळख करून देते. एकवीस वर्षं झाली. त्यांतली सोळा वर्षं वर्गाची ही फाळणी मी दर जूनमध्ये केली, आणि दुसऱ्या भागात कोणाची मुलं जास्त पडतात याचा हिशेब कधी मांडला नाही. मांडला असता तर वाडीवस्तीवरून एसटीने येणारी, दहावीपर्यंत मराठीत शिकलेली मुलं त्यात जास्त दिसली असती. मीही त्यांच्यातलीच होते. म्हणून तर मला वाटायचं, की यांच्याबद्दल मत बनवायचा मला अधिकारच आहे.

ज्या दिवसाबद्दल मला लिहायचं आहे त्या दिवशी मी 'व्हेरिएबल' शिकवत होते. व्हेरिएबल म्हणजे डबा, डब्यावर नाव, डब्यात किंमत, हे नेहमीचं सांगून झालं होतं. फळ्यावर लिहिलं, एक्स = ५. त्याच्या खाली लिहिलं, एक्स = एक्स + १. आणि म्हटलं, "आता एक्सची किंमत किती झाली? सहा."

तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "मॅडम, हे बरोबर कसं? एक्स कधी एक्स अधिक एकएवढा असतो का?"

मागची मुलं हसली. मीही किंचित हसले, हे मला आज लिहावं लागतंय. म्हटलं, "गणितात नसतो. प्रोग्रामिंगमध्ये असंच असतं. पुढे पुढे कळेल." ती बसली. वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं. त्यानंतर पूर्ण महिना तिने हात वर केला नाही आणि मला त्याचं काही वाटलंही नाही. ती दुसऱ्या भागात गेली होती.

'असंच असतं' हे वाक्य मी किती वर्गांत, किती वेळा उच्चारलं असेल! शिक्षकाच्या तोंडी ते फार सोयीचं आहे. त्याने प्रश्न बंद होतो, तास पुढे सरकतो, आणि विचारणाऱ्यालाच आपण कमी पडतोय असं वाटायला लागतं.

महिन्याने मी वीस मार्कांची छोटी चाचणी घेतली. त्यात एक प्रश्न होता. 'सम' नावाच्या व्हेरिएबलमध्ये सुरुवातीला शून्य; मग 'आय' हा एकपासून पाचपर्यंत जाणारा लूप; लूपच्या पोटात एकच ओळ, सम = सम + आय. शेवटी सम छापायचा. उत्तर काय येईल? एक ते पाचची बेरीज, पंधरा. चार मार्क. बहुतेक मुलांनी पंधरा लिहिलं होतं, कारण हेच उदाहरण मी वर्गात सोडवून दिलं होतं.

तिने पंधरा लिहिलं नव्हतं. तिने मराठीत लिहिलं होतं: 'सम = सम + आय. दोन्ही बाजूंतून सम वजा केल्यास आय = ०. पण आय १ पासून सुरू होतो. म्हणून हे शक्य नाही.'

मी त्यावर तिरपी लाल रेघ मारली, शून्य दिलं आणि समासात लिहिलं, 'कन्सेप्ट क्लिअर नाही.' पुढचा पेपर घेतला. या सगळ्याला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नसेल.

त्याच आठवड्यात आमच्या आईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. त्या गल्लीतल्या बचत गटाच्या सचिव आहेत. चौदा बायका, महिन्याला प्रत्येकी शंभर रुपये, त्यातूनच एकमेकींना लहानसहान कर्ज. शाळा सातवीपर्यंत झालेली, पण गटाची नोंदवही इतकी वर्षं त्यांनी एका हाती लिहिली आहे. डॉक्टरांनी काही दिवस लिहिण्यावाचण्याला मनाई केली, म्हणून त्या रात्री वही माझ्याकडे आली. पेपरांचा गठ्ठा बाजूला सारून मी त्याच टेबलावर वही उघडली. आई खाटेवर डोळे मिटून बसल्या होत्या.

"मागची शिल्लक किती आहे बघ."

"अठरा हजार चारशे."

"त्यात आजचे चौदाशे घाल."

"एकोणीस हजार आठशे."

"हं. आता मागची विसर, ही धर. शेवटच्या घरातल्या वहिनींचा हप्ता आलाय पाचशे, तो घाल."

"वीस हजार तीनशे."

"मागची विसर, ही धर. आता तीन हजार कर्ज दिलंय, ते वजा कर."

"सतरा हजार तीनशे."

"मागची विसर..."

त्यांचं वाक्य पुरं होण्याआधी माझं पेन थांबलं. मी वहीकडे बघत राहिले. 'शिल्लक' हा एकच रकाना. नाव एकच. त्याची किंमत मात्र ओळीगणिक नवी. जुनी किंमत वाचायची, तिच्यात काहीतरी घालायचं किंवा काढायचं, आणि जे येईल तेच त्या नावाला चिकटवायचं. चिकटवलं की जुनी संपली. मी सोळा वर्षं जी ओळ फळ्यावर लिहीत आले ती नेमकी हीच होती, आणि आई ती खाटेवर डोळे मिटून, न अडखळता सांगत होत्या. फरक इतकाच की त्यांच्या सांगण्यात 'बरोबर' हा शब्द कुठेच नव्हता. शिल्लक बरोबर शिल्लक अधिक चौदाशे, असं जगातली कुठलीही शहाणी बाई म्हणणार नाही. म्हटलं तर बाकीच्या तेराजणी विचारतील, असं कसं?

आणि तिसऱ्या बाकावरून एकीने तेच विचारलं होतं.

मी गठ्ठ्यातून तिचा पेपर काढला. लाल रेघेखालच्या तीन ओळी पुन्हा वाचल्या, मग पुन्हा. विधान खरं मानायचं, त्यातून निष्कर्ष काढायचा, तो दिलेल्या माहितीशी विसंगत निघाला की विधान अशक्य ठरवायचं. भूमितीत या पद्धतीला अप्रत्यक्ष सिद्धता म्हणतात. गणितात दहा वर्षं जे चिन्ह तराजूच्या काट्यासारखं वापरलं, त्याच चिन्हाला धरून एका सोळा वर्षांच्या मुलीने कुठेही न चुकता ही सिद्धता लिहिली होती. त्या गठ्ठ्यात दुसऱ्या कोणीही इतका स्वच्छ तर्क केला नव्हता. पंधरा लिहिणाऱ्यांतल्या कित्येकांनी तर उदाहरण ओळखून उत्तर आठवलं होतं. ज्या मुलीला मी लॉजिक नसलेल्यांत बसवलं होतं, ती त्या वर्गात लॉजिकशी सगळ्यांत प्रामाणिक होती. तिच्याच पेपरावर, माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, कन्सेप्ट क्लिअर नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. लाज वाटत होती हे खरंच, पण त्याहून वेगळं काहीतरी टोचत होतं. मी स्वतःला विचारलं, तिच्या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी मला ठाऊक होतं का? वेळ नव्हता म्हणून दिलं नाही, की देताच येत नव्हतं?

येत नव्हतं. कॉलेजच्या पहिल्या वर्षी हीच ओळ मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मलाही ती खोटी वाटली होती. मी तेव्हा इंग्रजी वाक्यांचे उच्चार वहीच्या समासात देवनागरीत लिहून घेत असे. विचारायचं तर इंग्रजीत विचारावं लागेल, या भीतीने विचारलं नाही. मग शंभर प्रोग्राम लिहिले, दोनशे लिहिले, आणि ती ओळ खटकायची थांबली. खटकायची थांबली यालाच मी 'कळलं' समजले. मला ते कळलं नव्हतं, मला त्याची सवय झाली होती. आणि ज्यांना सवय लागत नव्हती त्यांना मी बिनडोक ठरवत आले होते. त्या मुलीकडे असलेलं धाडस माझ्याकडे तिच्या वयात नव्हतं, आणि बहुधा म्हणूनच मला ते तिच्यात दिसलं नाही.

बीजगणितातल्या एक्सला काळ नसतो. एका उदाहरणात तो जो असेल तो आरंभापासून अखेरपर्यंत तोच. प्रोग्राममधल्या एक्सला मात्र आत्ताचा आणि मघाचा असतो. एक्स = एक्स + १ या ओळीत दोन एक्स आहेत; उजवीकडचा मघाचा, डावीकडचा आत्ताचा. आधी उजवी बाजू पूर्ण करायची, मग आलेली किंमत डावीकडच्या नावावर ठेवायची. इतकी साधी गोष्ट मी एकाही वर्गात तोंडाने बोलले नव्हते. वर मराठीत त्या चिन्हाला मी 'बरोबर' म्हणत होते. आपल्या भाषेत बरोबर म्हणजे सारखं, आणि बरोबर म्हणजे अचूकही. मी मुलांना एक खोटं विधान बरोबर म्हणून वाचायला लावत होते.

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर तिला थांबवलं. पेपर पुढे ठेवून म्हटलं, "तू लिहिलंस त्यात तर्काची चूक नाही. चूक माझ्या शिकवण्यात आहे. ते चिन्ह इथे 'बरोबर' नाहीच." आणि आईंच्या वहीतलं उदाहरण सांगितलं. ती ऐकत होती. खूश झाल्यासारखी दिसली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "मग मॅडम, बरोबरचं चिन्ह घेतलं कशाला?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. वर्गाच्या खोलीत हे तीन शब्द मी तोपर्यंत उच्चारले नव्हते.

पुढचे दोन आठवडे मी ते शोधत होते. सोळा वर्षं ज्या चिन्हावर पोट भरलं त्याची गोष्ट मला माहीत नसावी, याचं वाईट वाटत होतं. पण वाचताना फार वर्षांनी आनंदही झाला. रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श वैद्य-गणितज्ञाने १५५७ साली हे चिन्ह छापील पुस्तकात आणलं. दोन समांतर रेघांइतकं एकमेकींसारखं दुसरं काय असणार, असा त्याचा विचार. म्हणजे चारशे वर्षं ते चिन्ह एका समतोलाची शपथ होती. मग १९५७ साली आयबीएममधल्या जॉन बॅकस यांच्या गटाने फोरट्रान भाषा आणली आणि त्यात हेच चिन्ह 'किंमत ठेव' या अर्थाने वापरलं.

ही गोष्ट खटकलेली ती मुलगी पहिली नव्हती. फोरट्रानच्याही आधी, १९४० च्या दशकात, जर्मनीत कोनराड त्सुझे यांनी कागदावर आपली प्रोग्रामिंगची भाषा आखली, तिच्यात ते आधी झेड + १ लिहीत, मग बाण, मग झेड. डावीकडून उजवीकडे: मागची घे, एक घाल, ही धर. ते वाचताना मला खाटेवर बसलेल्या आई दिसल्या. अल्गोल ५८ च्या समितीने बरोबरच्या आधी दोन टिंबं ठेवून हे चिन्ह वेगळं केलं, आणि निक्लाउस विर्थ यांच्या १९७० च्या पास्कलनेही ती टिंबं जपली. १९६४ साली डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कर्ट्झ यांनी नवशिक्या विद्यार्थ्यांसाठी बेसिक भाषा केली, तेव्हा चिन्ह बरोबरचंच ठेवलं, पण ओळीच्या सुरुवातीला 'लेट' लिहिणं सक्तीचं केलं. आपण गणितात 'समजा' म्हणतो, तसं. ज्यांच्यासमोर नवखी मुलं होती त्यांना हा अडसर दिसला होता, असं मला त्या एका शब्दावरून वाटतं.

आमच्या सी++ कडे चिन्ह आलं ते दुसऱ्या वाटेने. बीसीपीएल नावाच्या भाषेत दोन टिंबं होती. केन थॉम्पसन यांनी तिच्यापासून बी भाषा बनवताना ती काढून टाकली. किंमत ठेवण्याची ओळ तुलनेच्या ओळीपेक्षा जास्त वेळा लिहावी लागते, तर तिचं चिन्ह आखूड असावं, हा हिशेब. म्हणून ठेवण्यासाठी एक बरोबर आणि तुलनेसाठी दोन. बी वरून डेनिस रिची यांची सी, आणि सी वरून सी++. अनुभवी लोकांनी स्वतःच्या बोटांचे कष्ट वाचवायला केलेली ही सोय होती. त्यात गैर काही नाही. पण ती सोय मी अकरावीच्या मुलांपुढे निसर्गनियमासारखी मांडत होते.

हे सगळं मी वर्गात सांगितलं. ती मुलगी तेव्हा काही बोलली नाही, पण त्या दिवशी वहीत उभ्या रेघा मारून तिने आय आणि सम असे दोन रकाने केले आणि ०, १, ३, ६, १०, १५ असं खाली खाली लिहीत गेली. मी चाचणीचे मार्क बदलायला निघाले तेव्हा म्हणाली, "राहू दे मॅडम, पंधरा मी लिहिलं नव्हतंच." मी शून्य खोडलं नाही. समासातलं वाक्य मात्र खोडलं, आणि ते तिला दाखवलं.

माझं शिकवणं त्यानंतर बदललं, पण एका रात्रीत नाही. आधी डबा गेला. डब्याने किती घोळ घातला होता ते मुलांनाच विचारल्यावर कळलं. ए = बी लिहिलं की बीच्या डब्यातली वस्तू एमध्ये गेली, आता बी रिकामा झाला, असं निम्म्या वर्गाला वाटत होतं. डब्याच्या बाबतीत ते खरंच आहे की! आणि नवी किंमत घातली तर जुनीही आतच असणार, असं काहीजण धरून चालले होते. आता मी पाटी म्हणते. पाटीवर एका वेळी एकच आकडा, नवा लिहायचा तर जुना पुसावा लागतो, आणि शेजारच्या पाटीवरचं बघून आपल्या पाटीवर लिहिलं म्हणून शेजारची पुसली जात नाही. दोन पाट्यांवरच्या किमतींची अदलाबदल करायला तिसरी पाटी का लागते, हे मी समजावून सांगायच्या आत एका मुलाने सांगितलं. म्हणाला, "मॅडम, हातच्यासारखं. बेरजेत हातचा बाजूला लिहून ठेवतो तसं." टेंपररी व्हेरिएबलसाठी याहून नेमका शब्द मला पुस्तकात मिळाला नाही.

एकेरी बरोबरला आम्ही वाचताना 'धर' म्हणतो आणि दुहेरीला 'आहे का?'. टर्बो सी++ च्या निळ्या पडद्यावर 'इफ'च्या अटीत कोणी चुकून एकच बरोबर लिहिलं की 'पॉसिब्ली इनकरेक्ट असाइनमेंट' असा इशारा येतो. पूर्वी मुलं तो वाचायचीच नाहीत. आता कोणीतरी शेजाऱ्याला म्हणतं, "अरे, तू विचारायच्या ठिकाणी धरलंस."

पारिभाषिक शब्द मी इंग्रजीतलेच ठेवले आहेत. व्हेरिएबल, लूप, फंक्शन. परीक्षेत तेच येतात, पुढे नोकरीतही तेच लागतात, आणि मुलांना त्यांपासून दूर ठेवणं हा त्यांच्यावर अन्याय होईल. फक्त शब्द कधी द्यायचा ते बदललं. आधी गोष्ट हाताखालून जाऊ द्यायची, मग तिला इंग्रजीत काय म्हणतात ते सांगायचं. पूर्वी मी पहिल्याच तासाला 'फंक्शन'ची व्याख्या इंग्रजीत लिहून देत असे आणि दुसऱ्या दिवशी पाठ म्हणून घेत असे. आमच्याकडे फंक्शन म्हणजे लग्न किंवा बारसं. व्याख्या घोकणाऱ्या मुलांच्या डोळ्यांपुढे तेव्हा काय उभं राहत असेल, हा विचार मला कधी शिवला नव्हता.

वर्गाची मनातली फाळणी पूर्ण थांबली आहे, असं मी म्हणू शकत नाही. जूनमध्ये ती अजूनही आपसूक व्हायला लागते. मग मी मुद्दाम त्या मुलाजवळ जाते आणि विचारते, "तुला यात खोटं काय वाटतंय?" बऱ्याचदा तो सांगतो, आणि बऱ्याचदा ते ऐकून मला घरी जाऊन वाचावं लागतं.

पण आधीची सोळा वर्षं उरतातच. ती मुलं आता मोठी झाली आहेत. गेल्या दिवाळीआधी फोनचं कव्हर घ्यायला बाजारपेठेतल्या एका मोबाइलच्या दुकानात शिरले, तर काउंटरमागे माझाच एक जुना विद्यार्थी. अकरावीनंतर त्याने बायफोकल सोडलं होतं. तेव्हा मी त्याला थांबवलं नव्हतं. सुटला बिचारा, असंच मनात म्हटलं होतं. कोणाच्या तरी फुटलेल्या फोनचा पडदा तो बोलता बोलता बदलत होता, बारीक स्क्रू एका चुंबकावर ओळीने लावून ठेवत, काढले त्याच्या उलट क्रमाने बसवत. मी विचारलं, "तुला आठवतं का रे, एक्स बरोबर एक्स अधिक एक? तिथे अडला होतास का तू?"

त्याने हातातलं काम थांबवलं. "आठवतं ना मॅडम. तुम्ही म्हणालात, असंच असतं. मी म्हटलं, असेल."

कव्हरचे पैसे घ्यायला तो तयार नव्हता. मी काउंटरवर ठेवले आणि बाहेर पडले.